वरणाची वाटी काढून घेण्यापूर्वी : किडनीतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांना खुले पत्र

महाराष्ट्रातील मूत्रपिंडविकारतज्ज्ञ आणि रुग्णालयांतील आहारतज्ज्ञ यांस,



क्रिएटिनिनचा आकडा वाढला की रुग्णाच्या हाती औषधांच्या चिठ्ठीबरोबर पथ्याचा एक छापील कागद पडतो. त्यावर बहुतेक वेळा असे असते : प्रथिने कमी, डाळी, कडधान्ये, शेंगदाणे बंद, अंड्याचे पांढरे चालेल. कागद घरी जातो आणि त्याच दिवसापासून स्वयंपाकघराचा कायदा होतो. शाकाहारी घरात डाळ गेली की ताटात भात, पोळी आणि उकडून पाणी काढलेली भाजी उरते. मांसाहारी घरात वरण-आमटी थांबते, पण रविवारचे मटण 'थोडेसेच' म्हणून चालू राहते, कारण कागदावर ठळक अक्षरांत नाव डाळीचे असते. तुमच्या ज्ञानाविषयी आणि ओपीडीत तुमच्यावर असलेल्या गर्दीच्या ताणाविषयी मला पूर्ण आदर आहे. पण या कागदामागचे शास्त्र बरेच पुढे गेले आहे आणि कागद मात्र जागचा हललेला नाही. प्रथिने किती खावीत याबरोबरच ती कशातून येतात याने किडनीला फरक पडतो, हे आता दुर्लक्ष करण्याजोगे राहिलेले नाही. तक्रार आहे ती एवढीच, आणि ती सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र.

डाळीवर संशय आणि अंड्यावर विश्वास, ही विभागणी आली कुठून हे तुम्हाला माहीत आहे; वाचकांसाठी सांगते. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला डायलिसिस फार थोड्यांच्या वाट्याला येत असे. तेव्हा इटलीत जोर्दानो यांनी 1963मध्ये आणि जोव्हानेत्ती व माज्जोरे यांनी 1964मध्ये अतिशय कमी प्रथिनांचा आहार देऊन युरियाचा त्रास कमी करून दाखवला. प्रथिनांचा कोटा इतका तुटपुंजा ठेवायचा, तर त्यातला प्रत्येक ग्रॅम शरीराच्या उपयोगी पडायला हवा. म्हणून सर्व आवश्यक अमिनो आम्ले योग्य प्रमाणात देणारे अंडे निवडले गेले. त्या परिस्थितीत तो निर्णय योग्यच होता. पुढे 1982मध्ये ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी मांडणी केली. जास्त प्रथिने खाल्ली की किडनीतल्या सूक्ष्म गाळण्यांमध्ये रक्ताचा प्रवाह आणि दाब वाढतो. आधीच काही गाळण्या निकामी झाल्या असतील तर उरलेल्यांवर हा भार पडून त्याही झिजतात. या मांडणीची सर्वांत मोठी परीक्षा अमेरिकेत एमडीआरडी या अभ्यासात झाली. 1994मध्ये आलेला त्याचा निष्कर्ष अपेक्षेपेक्षा बराच फिका होता. प्रथिने कमी केल्याचा फायदा झाला असलाच तर तो लहान होता. या सगळ्या वाटचालीत मुख्य प्रश्न 'किती' हाच राहिला. 'कशातून' हा प्रश्न विचारला गेला तो अमिनो आम्लांच्या हिशेबापुरता. आपल्या कागदावरची डाळबंदी ही त्या जुन्या हिशेबाची शिल्लक आहे.

'कशातून' हा प्रश्न नीट विचारल्यावर मिळालेली उत्तरे पाहा. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासातील 1,624 स्त्रियांची माहिती 2003मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांची किडनी आधीच किंचित कमजोर होती त्यांच्यात जास्त प्रथिने खाण्याचा संबंध गाळणक्षमता घसरण्याशी दिसला, आणि तो विशेषतः दुधाव्यतिरिक्तच्या प्राणिजन्य प्रथिनांशी. ज्यांची किडनी ठणठणीत होती त्यांच्यात असा संबंध आढळला नाही. सिंगापुरातील त्रेसष्ट हजारांहून अधिक चिनी वंशाच्या स्त्री-पुरुषांचा सरासरी पंधरा वर्षांहून अधिक काळ मागोवा घेणारा अभ्यास 2017मध्ये आला. त्यात लाल मांस सर्वांत जास्त खाणाऱ्या गटाला किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा सुमारे चाळीस टक्के जास्त होता. मासे, कोंबडी, अंडी, दूध यांच्याशी असा संबंध दिसला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील सुमारे बारा हजार लोकांच्या, दोन दशकांहून अधिक काळ चाललेल्या एआरआयसी अभ्यासाचे आकडे आले. लाल आणि प्रक्रिया केलेले मांस धोका वाढवणाऱ्या बाजूला होते. कडधान्ये, दाणे-सुकामेवा आणि कमी चरबीचे दूध धोका कमी असलेल्या बाजूला. वेगळे देश, वेगळी ताटे, पण कल एकच. आणि आपला कागद ज्या पदार्थाला पहिल्यांदा बंदी घालतो, तो या कलात निर्दोष बाजूला आहे.

असे का होत असावे, याची कारणेही शरीरशास्त्रात सापडतात. मांसातील प्रथिनांत गंधकयुक्त अमिनो आम्ले अधिक असतात आणि त्यांच्या चयापचयातून आम्ल तयार होते. ते बाहेर टाकण्याचे काम किडनीचे. गाळण्या कमी उरल्या की प्रत्येकीच्या वाट्याला हे काम जास्त येते आणि त्यातून दाह व व्रण वाढतात. फळे-भाज्यांतून क्षार मिळतो. टेक्सासमधील संशोधकांनी किडनीविकाराच्या चौथ्या टप्प्याच्या रुग्णांवर केलेल्या आणि 2013मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, वर्षभर फळे-भाज्या दिल्याने रक्तातील आम्लता सुधारली आणि किडनीच्या इजेच्या खुणा सोडा-बायकार्बोनेटच्या गोळ्यांइतक्याच कमी झाल्या. डाळीबरोबर तंतू येतात. तंतू कमी पडले की मोठ्या आतड्यातले जिवाणू प्रथिनांवर जगू लागतात आणि त्यातून इंडॉक्सिल सल्फेट, पी-क्रेसिल सल्फेट यांसारखी विषे रक्तात येतात. ती बाहेर टाकणेही आजारी किडनीलाच भाग पडते. शिवाय सारखीच प्रथिने मांसातून दिली आणि वनस्पतींतून दिली, तर गाळण्यांतील प्रवाह मांसाने अधिक उसळतो, हे निरोगी माणसांवरील लहान प्रयोगांत दिसलेले आहे.

आता तुमच्या सर्वांत ठाम आक्षेपाकडे येते : फॉस्फरस. डाळीत फॉस्फरस जास्त, म्हणून डाळ बंद. तक्त्यातला आकडा खरा आहे. प्रथिनांच्या प्रत्येक ग्रॅममागे डाळीत मटण-कोंबडीपेक्षा काहीसा जास्तच फॉस्फरस भरतो. पण तक्ता अन्नात किती आहे ते सांगतो, रक्तात किती जातो ते सांगत नाही. डाळी-कडधान्यांतला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात बांधलेला असतो आणि तो सोडवणारे फायटेज हे विकर माणसाच्या आतड्यात जवळजवळ नसते. म्हणून वनस्पतीतला फॉस्फरस साधारण वीस ते पन्नास टक्के शोषला जातो, तर मांस-दुधातला चाळीस ते साठ टक्के. इंडियाना येथील डॉ. शॅरन मो आणि सहकाऱ्यांनी 2011मध्ये एक छोटा पण काटेकोर प्रयोग प्रसिद्ध केला. किडनीविकाराच्या नऊ रुग्णांना एक आठवडा मांसाहारी आणि एक आठवडा शाकाहारी जेवण दिले. दोन्हींत प्रथिने आणि फॉस्फरस सारखाच. शाकाहाराच्या आठवड्यात रक्तातला फॉस्फरस कमी राहिला आणि हृदयाला जाचक ठरणारे एफजीएफ-23 हे संप्रेरकही उतरले. नऊच रुग्ण होते हे मान्य. पण एकाच माणसाला दोन्ही जेवणे देऊन तुलना केल्यामुळे त्या निकालाला वजन आहे.

आणि ज्या फॉस्फरसची खरी भीती बाळगावी, त्याचा आपल्या कागदावर बहुधा उल्लेखच नसतो. तो कारखान्यात मिसळला जातो. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये, गोठवलेल्या नगेट्स-सॉसेजमध्ये, काळ्या रंगाच्या कोल्यात, झटपट तयार होणाऱ्या पाकिटांत फॉस्फेटचे क्षार घातलेले असतात. ते कशालाही बांधलेले नसतात, त्यामुळे जवळजवळ सगळे शोषले जातात. पाकिटाच्या मागे ते आयएनएस 338, 339, 340, 341, 450, 451, 452 अशा क्रमांकांनी बारीक अक्षरांत येतात. किती मिलिग्रॅम हे छापलेले नसते. ज्या रुग्णाला वाटीभर मुगाचे वरण वर्ज्य सांगितले आहे, त्याच्या टोस्टवर चीजचा तुकडा सर्रास पडतो, कारण कुणी त्याला नाही म्हटलेले नसते. हे सात क्रमांक पथ्याच्या कागदावर छापायला एक ओळ पुरेल. ती ओळ अजून नसावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरा आक्षेप प्रतीचा. वनस्पतीची प्रथिने 'दुय्यम', असे शिकवले गेले. एकटी डाळ किंवा एकटी ज्वारी घेतली तर ते खरे आहे. डाळीत मेथिओनिन कमी, धान्यात लायसिन कमी. पण महाराष्ट्रात कोण नुसती डाळ जेवते? वरण-भात, आमटी-भाकरी, पिठले-भाकरी, उसळ-पोळी, ही जेवणाची रीतच एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढणारी आहे, आणि ती भरपाई एकाच घासात व्हावी लागते असेही नाही. दिवसभरात झाली तरी चालते. अमेरिकेच्या केडीओक्यूआय या मार्गदर्शक तत्त्वांनी 2000मध्ये निम्मी प्रथिने उच्च जैविक मूल्याची असावीत असे म्हटले होते. 2020च्या आवृत्तीत, वनस्पतिजन्य की प्राणिजन्य अशी एकाची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असे त्यांनी लिहिले. आणि 2024च्या केडीआयजीओ मार्गदर्शक तत्त्वांनी त्याच्या पुढे जाऊन, वनस्पतिजन्य पदार्थांचे प्रमाण प्राणिजन्य पदार्थांपेक्षा जास्त ठेवावे आणि अतिप्रक्रिया केलेले अन्न कमी करावे, असा सल्ला दिला. हे दस्तऐवज तुमच्या व्यवसायाचे आहेत, माझे नव्हेत.

याच केडीआयजीओ तत्त्वांनी तिसऱ्या ते पाचव्या टप्प्यातील, डायलिसिसवर नसलेल्या प्रौढांसाठी दिवसाला दर किलो वजनामागे 0.8 ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. आपल्या ताटात हा आकडा कसा दिसतो ते मोजून पाहू. साठ किलोच्या माणसाला 48 ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या दोन भाकऱ्या, साधारण 10 ग्रॅम. साठ ग्रॅम कणकेच्या पोळ्या, सहा-साडेसहा. पन्नास ग्रॅम तांदळाचा भात, चार. तीस-तीस ग्रॅम कोरड्या डाळीच्या दोन वाट्या, एक वरणाची आणि एक उसळीची, मिळून तेरा. पाव लिटर दूध किंवा त्याचे दही, आठ. भाज्यांतून तीन-चार. बेरीज 45च्या आसपास. म्हणजे दोन वाट्या डाळीसकटचे साधे मराठी जेवण मर्यादेच्या आतच आहे! भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने निरोगी प्रौढासाठी 2020मध्ये सुचवलेले प्रमाणही 0.83 ग्रॅमच आहे. जो माणूस आधीच एवढे खातो त्याला 'प्रथिने कमी करा' म्हणणे म्हणजे गरजेच्या खाली ढकलणे. मोठी कपात करायची आहे ती रोज मटण-चिकनची भरलेली ताटे रिचवणाऱ्याच्या, किंवा व्यायामशाळेतून आणलेल्या पावडरचे डबे संपवणाऱ्याच्या जेवणात. दोघांना एकच कागद देऊन चालणार नाही.

पोटॅशियमचा आक्षेप मात्र मी हलक्याने घेत नाही. ज्याच्या रक्तात पोटॅशियम खरोखर वाढलेले आहे त्याच्या हृदयाला तत्काळ धोका असतो आणि तिथे डाळ-भाजीवर काही काळ कडक मर्यादा घालणे योग्यच. माझे म्हणणे आहे ते ज्यांचे पोटॅशियम ठीक आहे त्यांच्याविषयी. खाल्लेले पोटॅशियम आणि रक्तातले पोटॅशियम यांचे नाते समजले जाते तितके सरळ नाही. रक्तातली आम्लता, बद्धकोष्ठ, अनियंत्रित मधुमेह, रक्तदाबाची काही औषधे, आणि 'कमी सोडियमचे' म्हणून विकले जाणारे पोटॅशियम क्लोराइडयुक्त मीठ यांचा वाटा मोठा असू शकतो. डाळ-भाज्या बंद केल्याने बद्धकोष्ठ आणि आम्लता दोन्ही वाढतात, म्हणजे ज्या भीतीने बंदी घातली तिलाच खतपाणी मिळते. कडधान्य रात्रभर भिजवून पाणी फेकावे, भरपूर पाण्यात शिजवून तेही पाणी काढावे, कट पिऊ नये, एवढ्याने पोटॅशियम बरेच उतरते. हे मराठी स्वयंपाकघराला शिकवायला फार वेळ लागत नाही. भिजवणे-उपसणे तिथे रोजचेच आहे.

कुणी म्हणेल, हे सगळे निरीक्षणात्मक अभ्यास. मांस कमी खाणारा माणूस व्यायामही करतो, सिगारेटही ओढत नाही. हा आक्षेप बरोबर आहे. सिंगापूरच्या अभ्यासातले लाल मांस बहुतांशी डुकराचे होते, बोकडाचे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. पण प्रयोगात्मक पुरावा अगदीच नाही असेही नाही. रुमानियात 207 रुग्णांवर झालेल्या आणि 2016मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अमिनो आम्लांची उणीव भरणाऱ्या कीटो-अ‍ॅनालॉग गोळ्यांसह अत्यंत कमी प्रथिनांचा शाकाहारी आहार घेणाऱ्यांपैकी 13 टक्के रुग्णांवर डायलिसिसची किंवा गाळणक्षमता निम्म्याहून खाली जाण्याची वेळ आली; नेहमीचा कमी प्रथिनांचा मिश्र आहार घेणाऱ्यांत हे प्रमाण 42 टक्के होते. तिथे प्रथिनांचे प्रमाण आणि प्रकार दोन्ही बदलले होते आणि निवडक, पथ्य काटेकोर पाळणारे रुग्ण घेतले होते, त्यामुळे सगळे श्रेय शाकाहाराला देता येणार नाही. तरीही डाळ-धान्यावर किडनी बिघडते या समजाला त्यात आधार मिळत नाही. आणि शाकाहारी माणसांनाही किडनीविकार होतो, हे तर उघडच आहे. आपल्याकडे मधुमेह आणि रक्तदाब ही मोठी कारणे आहेत आणि ती शाकाहाऱ्याला सोडत नाहीत. मी डाळीला औषध म्हणत नाही. तिच्यावरचा आरोप मागे घ्या, एवढेच म्हणते.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती डायलिसिसवर गेलेल्यांची. तिथे नियम उलटतो. डायलिसिसमध्ये अमिनो आम्ले वाहून जातात, दाहाने स्नायू झिजतात, आणि गरज दर किलोमागे 1.0 ते 1.2 ग्रॅमपर्यंत चढते. साठ किलोच्या माणसाला 60 ते 72 ग्रॅम. पण घरात जुनाच कागद भिंतीवर असतो आणि भीती पूर्वीचीच असते. डायलिसिसच्या रुग्णात रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन उतरणे हे मृत्यूचा धोका वाढल्याचे लक्षण आहे, हे तुम्ही जाणता. या टप्प्यावर उगमाचा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा. आधी पोट आणि स्नायू भरले पाहिजेत. अंड्याचे पांढरे इथे खरोखर गुणाचे, कारण प्रथिनांच्या मानाने त्यात फॉस्फरस नगण्य असतो. मासे, कोंबडी, पनीर, डाळ यांतले जे परवडेल आणि रुचेल ते सगळे हवे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून किंवा 2016मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून ज्यांचे डायलिसिस होते, त्यांच्यापैकी अनेकांना रोजचे अंडे हाच परवडणारा उपाय आहे. पण ते 'आता जास्त खायचे' असे कुणी स्पष्ट शब्दांत सांगितल्याशिवाय त्यांच्या घरात ते येणार नाही.

म्हणून काही मागण्या करते. पथ्याच्या कागदावर आजाराचा टप्पा आणि तारीख लिहा, आणि टप्पा बदलला की जुना कागद मागून घ्या. 'प्रथिने कमी' हे शब्द काढून रुग्णाच्या वजनाप्रमाणे ग्रॅम लिहा आणि त्या ग्रॅमच्या वाट्या, भाकऱ्या, अंडी करून द्या. हे काम आहारतज्ज्ञांचे आहे, आणि डॉक्टरांनी रुग्णाला त्यांच्याकडे पहिल्याच भेटीत पाठवले तरच ते होईल. डाळीवर सरसकट बंदी नको. पोटॅशियम वाढलेले असेल तर तसे कारण लिहून, मुदत घालून मर्यादा घाला. लाल मांस, प्रक्रिया केलेले मांस आणि फॉस्फेट घातलेली पाकिटे यांची नावे डाळीच्या आधी येऊ द्या. एकच तक्ता राज्यभर वाटू नका : कोकणात ताजी मासळी आणि मिठात मुरवलेले सुके बोंबील यांत फरक सांगावा लागेल, कोल्हापुरात रश्श्याच्या वाट्यांविषयी बोलावे लागेल, सोलापूरकडे शेंगाचटणीतले मीठ काढायला सांगावे लागेल, आणि उपवास करणाऱ्या प्रत्येक घरात साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात हे बजावावे लागेल. व्यायामशाळेतल्या तरुणांना पावडर सुरू करण्यापूर्वी क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिने तपासायला सांगा; निरोगी किडनीला जास्त प्रथिनांनी इजा होते असे सिद्ध नाही, पण आपली किडनी निरोगी आहे की नाही हेच अनेकांना माहीत नसते.

तुमच्या संघटनांची अधिवेशने होतात, तिथे नव्या औषधांवर सत्रे भरतात. त्यातला एक तास या कागदाला द्या. मराठीत, टप्प्यानुसार, आपल्या पदार्थांच्या नावांनी तो नव्याने लिहा, आणि येत्या वर्षभरात राज्यातल्या प्रत्येक डायलिसिस केंद्रात आणि किडनीच्या ओपीडीत जुन्याच्या जागी ठेवा.

आपली नम्र,
आरोग्यविषयांवर मराठीत लिहिणारी एक लेखिका